पटवेकरीणबाईंच्या गाठी

उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवायचा, पाय लांब करून तो ताणायचा आणि मग मणी ओवायला घ्यायचे, ही त्यांची बसण्याची पद्धत. आमच्या पेठेतल्या पटवेकरीणबाई. सोनार दागिना घडवतो, पटवेकरी तो दोऱ्यात गाठवतो. नाव सोनाराचं होतं आणि पटवेकऱ्याला कुणी विचारत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं नाक मुरडलं. "अहो, मंगळसूत्राचा दोरा पायाला लावता?"

"मग काय तुमच्या नाकाला लावू?" बाई मान वर न करता म्हणाल्या. "ताण पायाचा, गाठ हाताची. माझ्या बापानं असंच शिकवलंय. त्याला त्याच्या आयनं."

बापाकडून आणखी एक गोष्ट आली होती. काळ्या मण्यांत, मानेमागं येईल अशा जागी, त्या एक लाल मणी ओवत. ती घराण्याची खूण. दोन वाट्यांच्या मधे त्या बारीकशी गाठही मारत. "एक वाटी म्हायेरची, एक सासरची. दोन घरं शेजारी असावीत, पर एकमेकाला घासू देऊ नये की." माझं मंगळसूत्र त्यांनीच गाठवलं, तेव्हा हा उपदेश मला फुकटात मिळाला होता.

दुकानाच्या पाटीवर नाव मात्र नवऱ्याचं. तो गृहस्थ पुढं बसून चहा प्यायचा आणि आल्यागेल्याशी राजकारण बोलायचा. "ह्यांनी उभ्या जन्मात एकच गाठ मारली, बुटाच्या नाडीची," बाई म्हणत. "ती बी जिन्यातच सुटती." तो भला माणूस स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

तीन वर्षांपूर्वी तो वारला. दिवस-कार्य उरकल्यावर बाईंनी दुकान उघडलं. तुटलेली बोरमाळ, मोत्याचा सर घेऊन बायका येत राहिल्या. मंगळसूत्र घेऊन मात्र एकही आली नाही. विधवेच्या हातचं मंगळसूत्र नको म्हणे! लिहितानाही माझं डोकं तापतं. निम्म्या पेठेतल्या बायका त्यांच्या हातच्या गाठी गळ्यात घालून फिरत होत्या आणि त्याच बायका दुकानासमोरून मान खाली घालून जात होत्या. ज्यानं कधी मण्याला हात लावला नाही तो गेला, आणि अपशकुनी ठरले ते हिचे हात.

आता माझं सांगते. मी शाळेत शिकवते. समतेवर भाषण करायला मला कागद लागत नाही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तिच्याकडं नको हं. शुभाचं काम आहे." मी गप्प बसले. लग्नघरात वाद नको, अशी मनाची समजूत घातली आणि मंगळसूत्र मुकाट्यानं सराफाकडून गाठवून आणलं, डबी उघडूनही पाहिली नाही.

लग्नात जाऊबाई नव्या नवरीचा गळा चारचौघींना दाखवत होत्या. "सराफाकडच्या कारागिराची गाठ आहे. बघा, पुरुषाचा हात वेगळाच!" मी सहज मुलीची मान वळवली. काळ्या मण्यांत एक लाल मणी.

"हा हात पटवेकरीणबाईंचा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! उद्याच दुसरीकडून ओवून घेऊ."

मुलीनं मंगळसूत्र मुठीत धरलं. "कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. जे आईला जमलं नाही, ते तिनं केलं.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन बाईंकडे गेले. वाटलं, खूश होतील. सगळं ऐकून त्यांनी अंगठ्याचा दोरा सोडला.

"त्यो सराफ गाठवाया देताना म्हनला, पुन्याचं गिऱ्हाईक हाय. तुमच्या पोरीचं हाय हे कळलं असतं तर शिवलेच नसते, बाई. माझी गाठ चालती, मी न्हाय चालत. व्हय की न्हाय?"

पेढ्यांचा पुडा तसाच माझ्या हातात राहिला.

त्या तडक सराफाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातचं हाय असं गिऱ्हाइकाला सांगून देत असशील तर काम पाठव." तो म्हणाला, "मावशी, धंदा आहे, समजून घ्या." त्यांनी समजून घेतलं. महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं. पिढ्यान्‌पिढ्यांची कला घरात बसली आणि सगळी पेठ "अरेरे" म्हणून मोकळी झाली. त्या पेठेत मीही आले.

आता त्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जातात. एका कारखान्यात चादरींच्या दशा वळून त्यांना गाठी मारतात. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाल्या, "हितं बरं हाय. चादर कुनाचं कपाळ बघत न्हाय."

गेल्या महिन्यात जाऊबाईंच्या मुलाचं लग्न झालं. मी आहेराला मुद्दाम त्याच कारखान्यातली चादर नेली. जाऊबाईंनी कौतुकानं ती उलगडली, नवरा-नवरीच्या खांद्यांवरून एकत्र पांघरली आणि दशा हातानं सारख्या केल्या. फोटो निघाले. भरल्या मांडवात एकानंही विचारलं नाही, की या गाठी मारणारीचा नवरा जिवंत आहे का.