वहिनींचे सहा आकडे

तीन वर्षांपूर्वी, ३ जूनला, आमच्या हिशेब विभागात चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. बिल अठरा हजार सहाशे पन्नास रुपये. मंजुरी माझीच.

त्याआधी संगणक उघडायला पासवर्ड होते, तेही उघडं गुपित. रोखपाल वहिनींचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं टोपणनाव. त्या रजेवर असल्या की कुणीही हाक मारावी तसं ते टाइप करायचं. मग पासवर्ड बंद झाले आणि रोज सकाळी मोबाइलवर सहा आकडे येऊ लागले.

वहिनींच्या घरी मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या उशाशी. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची जीभ जड झाली होती. छापखान्यात दिवसभर गप्पा हाणणारा माणूस आता मानेनंच हो-नाही करायचा. दहा वाजता वहिनी ऑफिसच्या फोनवरून विचारायच्या,

"अहो, आले का आकडे? वाचा बघू."

पलीकडून नुसतं घुं-घुं.

"चार की सात? माझ्यावर ओरडताना बरं स्पष्ट यायचं!"

सगळा विभाग कान टवकारून बसायचा. वेळ संपून आकडे बाद झाले की वहिनी नवे मागवायच्या. सहावा आकडा लागला की शिपाई ओरडायचा, "सुटलो एकदाचे!" हळूहळू 'चा'चा 'चार' झाला. एकदा तर पलीकडून चक्क "थांब गं!" ऐकू आलं. त्या दिवशी वहिनींनी रोकड दोनदा मोजली.

यंत्र बसलं त्या दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, मला आकडेच राहू द्या."

"का हो? नुसतं समोर उभं राहायचं, झालं काम."

"तेच तर. मग हे बोलणार कशाला? 'कसे आहात' विचारलं की हूं म्हणतात. काम सांगितलं तरच तोंड उघडतं."

नियम असा होता की चेहरा जुळत नसेल, तर विभागप्रमुखाच्या सहीनं आकडे चालू ठेवता येतात. वहिनींचा चेहरा पहिल्याच फटक्यात जुळला होता. मी 'जुळत नाही' लिहून सही केली.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या सकाळी आकडे घेऊन झाल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"साहेब," पलीकडचा आवाज सावकाश म्हणाला, "चहाला... या."

"रविवारी नक्की येतो," मी म्हणालो.

आता दहाला विभागात पंख्याचा आवाज तेवढा येतो. वहिनींकडचा तो चहा अजून माझ्याकडून राहिला आहे.