कोऱ्या रकान्यातला मंगळ

ज्या वर्षी घरात ताईचं लग्न जमवण्याची धडपड सुरू झाली, त्याच वर्षी मी डोंबिवलीत, साड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत, व्हेरिएबल म्हणजे काय ते शिकत होतो. नव्वद-एक्क्याण्णवचा सुमार असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. नेमका काय संबंध आला, ते आजही मला धड सांगता येत नाही.

क्लासला एकच कॉम्प्युटर, आणि आम्ही तिघं-चौघं त्याच्यासमोर दाटीवाटीने. सर म्हणायचे, "व्हेरिएबल म्हणजे नाव दिलेली जागा, एवढं कुणीही सांगेल. ती जागा कशाला वापरताय ते बघा." एखादं नुसतं मोजत बसतं. एखाद्यात बेरीज साठत जाते. दोन किमतींची अदलाबदल करायची तर तिसरं लागतं, घटकाभर हातात धरायला. आणि एखादं म्हणजे नुसती खूण, हो किंवा नाही. "या खुणेवाल्याला जपा. मोजणारं चुकलं तर आकडा बोंबलतो. खूण चुकली तर कुणाला पत्ता लागत नाही. आणि जुनी किंमत आपणहून जात नसते. नवी घालेपर्यंत तीच बसून राहते." मी मान डोलावली. समजलंय असं वाटलेलं.

दिवसा मी कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. आमच्या भागात एक वधूवर मंडळ होतं, एक निवृत्त काका ते चालवायचे. मुलामुलींची कार्डं बुटांच्या खोक्यांत भरलेली. मी हौसेने म्हणालो, यादी कॉम्प्युटरवर करून देतो. सरांनी रविवारी मशीन वापरू दिलं. माहिती काका सांगायचे, मी भरायचो. दर महिन्याला यादी छापून वाटली जायची. इंग्रजी अक्षरांत, मंगळाच्या रकान्यात वाय किंवा एन. काका खूश. येईल त्याला म्हणायचे, "आता मंडळ कॉम्प्युटराइज्ड झालं."

बाबांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता. आम्हा दोघांच्या पत्रिका त्यांनी कधी करू दिल्या नाहीत, आईने किती वेळा म्हटलं तरी. ताईच्या कार्डावर मंगळाच्या रकान्यात काय लिहू विचारलं, तेव्हा म्हणाले, "कोरा ठेव. ज्यांना विचारायचंय ते आपल्या दारात येऊच नयेत."

तसं कुणी आलंच नाही. सहा-आठ महिने गेले. शेवटी बाबा स्वतः निघाले, सोबत मला घेतलं. ठाण्याला खोपटला एक घर होतं, मुलगा बँकेत. मुलाच्या आईने पोहे दिले, ताईचं शिक्षण, नोकरी सगळं ऐकून घेतलं, आणि मंडळाची यादी काढून म्हणाली, "पण तुमच्या मुलीला मंगळ आहे ना?"

"आमच्याकडे पत्रिकाच नाही," बाबा म्हणाले. "मंगळ कुठून येणार?"

"अहो, पत्रिका केली नाही म्हणून मंगळ जातो होय?" ती हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. तिने पान पुढे केलं. ताईच्या नावापुढे वाय होता.

मीच छापलेला कागद. मला वाटलं, काकांनी माहिती सांगताना गोंधळ घातला. तिथून आम्ही थेट काकांकडे गेलो. काका म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नसतो हो. आणि केलाय कुणी? तुमच्याच चिरंजीवांनी!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे?"

मी म्हणालो, "प्रोग्रॅम बरोबर आहे, बाबा."

त्याच आठवड्यात, कुणाला न सांगता, बाबा कल्याणच्या एका ज्योतिषांकडे जाऊन आले. ताईची जन्मवेळ त्यांना पाठ होती. लोकांची तोंडं बंद करायला पत्रिका आणायची, एवढंच त्यांच्या मनात असावं. आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. पत्रिका टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आहे. मंगळ आहे."

ताई भाजी निवडत होती. म्हणाली, "बरं." एवढंच.

रविवारी मी पुढच्या महिन्याची यादी काढायला बसलो. ताईची नोंद उघडली तर रकाना कोरा. इथे काहीच नव्हतं, मग कागदावर वाय आला कुठून?

सापडायला फार वेळ लागला नाही. 'आहे' असेल तर खुणेत वाय घाल, 'नाही' असेल तर एन घाल, असं मी लिहिलं होतं. कोरं असेल तर काय करायचं, ते लिहिलंच नव्हतं. मग खुणेत आधीच्या मुलीची किंमत तशीच बसून राहायची आणि कोऱ्या नावापुढे छापली जायची. यादी आडनावांच्या क्रमाने. ताईच्या आधीच्या मुलीला मंगळ होता.

मी ती ओळ दुरुस्त केली. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. ताईला मंगळ होताच की. चुकीच्या प्रोग्रॅमने बरोबर तेच छापलं होतं, मग चूक कसली? मी बाबांना काही सांगितलं नाही, काकांनाही नाही. कोरे रकाने आणखीही होते; त्या मुलींचं काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

पुढे यादीतल्याच मंगळ असलेल्या एका मुलाशी ताईचं लग्न झालं. बाबांनी मुहूर्तही काढू दिला. संसार चांगला झाला असं म्हणवत नाही, आणि वाईट झाला असं तीही कधी म्हणाली नाही.

बाबा गेल्यावर खूप वर्षांनी, कळव्याला तिच्या घरी, मी तिला हे सांगितलं. मला वाटलं, स्वतःबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "म्हणजे बाबा उगाच गेले तिकडे?"

"पण मंगळ होता ना, ताई."

"अरे, होता-नव्हता याचं बाबांना काय होतं? तू म्हणालास ना, प्रोग्रॅम बरोबर आहे. मग त्यांनी करायचं काय?" आतल्या खोलीत मेहुणे टीव्ही बघत होते. तिने आवाज खाली आणला. "यांना सांगू नकोस. यांना वाटतं, आमचं वरूनच ठरलेलं होतं."

मेहुणे आता नाहीत. मागच्या महिन्यात मी ताईला फोनवर विचारलं, हे लिहू का. ती म्हणाली, "लिही. नावं घालू नकोस." मग म्हणाली, "आणि बाबा हरले, असं लिहू नकोस हं."

मी तसं लिहिलेलं नाही. पण मग त्या दिवशी बाबांचं काय झालं म्हणून लिहायचं, तेही मला कळत नाही. ताईला विचारणार होतो. तोवर तिने फोन ठेवला होता.