सुरती हात

सोमवार, चोवीस नोव्हेंबर. काम एकच होतं: विहीणबाईंसाठी साडी घेणे.

हे काम आमच्या अमळनेरातही झालं असतं. पण लग्नाच्या बैठकीत विहीणबाईंनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "साडी साधी चालेल, फक्त तशी दुसरीच्या अंगावर दिसायला नको." त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांना आणि त्यांच्या जावेला एकसारखी साडी आली होती, आणि त्यावरून त्यांची थोरली सून अजून टोमणे खाते आहे. माझी पल्लवी त्याच घरात धाकटी सून म्हणून जाणार. तेव्हा मी सुरत गाठली.

माझी धाकटी बहीण रत्ना वीस वर्षांपासून सुरतेच्या पांडेसऱ्यात राहते. तिचे मिस्टर, भास्करराव, तिथल्याच एका डाइंग मिलमध्ये आहेत. मला सुरत दाखवायची म्हणून त्यांनी सुट्टी टाकली होती. (पुढे जे झालं ते पाहता मिलमध्ये त्यांना जास्त आराम मिळाला असता.)

साड्यांच्या मार्केटात रत्ना म्हणाली, मी बोलते, तू फक्त बोट दाखव. मला ते लागलं. गुजराती म्हणजे तरी काय, मराठीच्या शेपटाला 'छे' बांधलं की झालं, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. तिला मी फॉल आणायला पिटाळलं आणि एका घाऊक दुकानात गादीवर मांडी ठोकून बसले.

आहेराच्या साड्या पटापट निघाल्या. मग दुकानदारकाकांनी मोरपिशी रंगाची एक साडी उलगडली, आणि विहीणबाई माझ्या डोळ्यांपुढे प्रसन्न उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आ छे!"

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेन, हात लेवी पडहे."

बरोबरच होतं. हात लावल्याशिवाय कापड कोण घेतं? मी पदराला हात लावला, काठाला लावला, उलटी बाजूही चोळून पाहिली. म्हटलं, "हात लाव्या छे. मस्त छे."

काकांना खात्री वाटेना. त्यांनी पुन्हा विचारलं, "हाते हात?"

आता आमच्या खानदेशात बैलबाजारात सौदा ठरला की हातावर हात देतात. सुरतेतही ही रीत आहे हे पाहून मला भरून आलं. मी हात पुढे केला. काका सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी इकडेतिकडे बघून माझी दोन बोटं धरली आणि सोडली. सगळ्याचं मिळून एकच बिल झालं. आहेराच्या साड्यांच्या रकमेनेच मी इतकी घाबरले होते, की बिलाचा आकडा बघून आणखी घाबरायला जागा उरली नव्हती.

गठ्ठा शिवून आला. तो भास्कररावांच्या खांद्यावर देऊन आम्ही सुरत बघायला निघालो. किल्ल्याच्या दारावर गठ्ठा आत न्यायचा नाही म्हणाले. म्हणून मी आणि रत्नाने किल्ला पाहिला, आणि भास्कररावांनी गठ्ठा. वाटेत दोन माणसांनी त्यांना सचिन गावापर्यंत पार्सल टाकायचं काय घेणार, असं विचारलं. डुमसच्या किनाऱ्यावर बाकडं मिळेना, म्हणून मी गठ्ठ्यावरच बसून टोमॅटोची भजी खाल्ली आणि रत्नाला मोठेपणाने सांगितलं, भाषा अशी लोकांत मिसळूनच येते.

घरी येऊन गठ्ठा उसवला. एक मोरपिशी साडी निघाली. तिच्याखाली दुसरी. मग तिसरी.

मोजून झाल्यावर रत्नाने मला काकांचे शब्द जसेच्या तसे म्हणायला लावले. मी म्हटले. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

"अगं ताई, इथले जुने लोक 'स'चा 'ह' करतात. हात म्हणजे सात. एक सुटी देत नाहीत, सात घ्याव्या लागतील, असं सांगत होता तो."

"आणि हाते हात?"

"सातच्या सात."

भास्करराव खांदा चोळत म्हणाले, "विहीणबाईंना एक, जावेला एक, अजून पाच जावा शोधा." त्यावर कोणीही हसलं नाही. मला तर मांडवात सात मोरपिशी बाया ओळीने उभ्या दिसत होत्या, आणि त्यांच्यासमोर माझी पल्लवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत आम्ही दोघी पायरीवर हजर. रत्नाची अट होती की घरी परतेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. काकांनी बिलावरची ओळ दाखवली: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. रत्ना गयावया करत होती, मी गप्प. शेवटी काकांनी माझ्याकडे निरखून पाहत तिला विचारलं, "आ बेन मूंगी छे?"

मुंगी! मी ताडकन उठले. पदर झटकला, निऱ्या झटकल्या, पाठ वळवून रत्नाला खुणेने विचारलं, कुठे आहे?

काका रत्नाला हळू आवाजात काहीतरी म्हणाले, सातही साड्या आत ठेवल्या, आणि कपाटातून एक जांभळी साडी काढून दिली. नमुन्याची, तशी दुसरी विणलीच नव्हती म्हणे.

रस्त्यावर आल्यावर रत्ना पोट धरून म्हणाली, "मूंगी म्हणजे मुकी, ताई. तू झटकायला लागलीस तसा तो म्हणाला, नुसती मुकी असती तर साड्या नसत्या घेतल्या परत. पण हिला घरातले एकटीला सोडतात तरी कसे?"

मला फार राग आला होता. पण घर अजून लांब होतं, आणि तोंड उघडायची मला मनाई होती.