गुलमर्गला जाताना हातमोजे सैल घ्या

बर्फात जायचं ठरल्यावर लोकांनी तिकिटांचं विचारलं, हॉटेलचं विचारलं, सुट्टी कशी मिळाली तेही विचारलं. मी मात्र महिनाभर नुसते हातमोजे शोधत होते. माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट अर्धंच आहे. वाळूजच्या एका कारखान्यात मी ड्रिल मशीनवर होते. एके दिवशी सैल हातमोज्याचं टोक फिरत्या ड्रिलमध्ये अडकलं आणि आतल्या बोटांसकट ओढलं गेलं. तेव्हापासून थंडी लागली की ती अर्धी बोटं अशी ठणकतात की डोळ्यांत पाणी येतं. आणि हातमोजा मी पुन्हा कधी घातला नव्हता. आता त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. बसते, हेच माझं दुखणं आहे. जो भेटेल तो म्हणतो, बस, आराम कर. माझ्या पायाला आधीपासूनच भिंगरी, त्यात हे.

मोबाईलवर एकदा स्नोबोर्डिंगचा व्हिडिओ दिसला. दोन्ही पाय एकाच फळीला बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून सुसाट खाली यायचं. मला का आवडलं ते सांगता येणार नाही, पण डोक्यातून जाईना. नसरीनला दाखवला. नसरीन म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरची. अपघाताच्या दिवशी धावत येऊन मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं ते हिनंच. तिनं व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाली, "चल सुजे, जाऊ. पण मी पडले तर हसायचं नाय, आधीच सांगते."

आई मात्र भडकली. "इथं डिसेंबरात गाडीवरनं आलीस की हात काखेत घालून बसतीस. तिथं काय करशील? पाचोडला मामाच्या दुकानात गल्ल्यावर बस म्हनलं तर नाय, आन् बरफात जाती!"

मामाच्या दुकानाचं हे तिचं वर्षभर चाललंय. माझाही तोल गेला. बोलून बसले, की बर्फात हात टिकला नाही तर परत येऊन नोकरी सोडते आणि पाचोडला येते. आईनं लगेच "बोललीस बरं का," असं म्हणून ते पक्कं करून टाकलं. खरं सांगायचं तर मला पाचोडला जायचं नव्हतं. 

तर हातमोजे. आपल्या संभाजीनगरात बर्फाचे हातमोजे कोण विकणार? शहागंजात स्वेटरच्या गाड्यांवर लोकरीचे मिळाले, पण लोकर बर्फात भिजते. बाईकचे मिळाले, त्यांत ऊब नाही. वाळूजला सेफ्टीच्या दुकानात वेल्डिंगचे चामडी होते. दुकानदार म्हणाला, "ताई, आग लागली तरी काय व्हनार नाय." मी म्हटलं, मला आग नको, बर्फ चालेल असं दाखवा. शेवटी ऑनलाइन मागवले. तळव्याला चामडं, आतून अस्तर, पाणी आत न येणारं कापड, तीन हजारांच्या आत. पाच बोटांचेच घेतले, कारण फळीचे पट्टे बांधायला बोटं लागतात असं वाचलं होतं. आणि माप घेतलं एकदम लहान, हाताला चिकटून बसेल असं. कारखान्यात पहिल्या दिवसापासून आमच्या डोक्यात एकच भरवलेलं असतं, मशीनजवळ सैल काही नको. ओढणी नको, बाही नको, मोजा तर नकोच नको, आणि त्या दिवशी मी तोच घातला होता. उजव्या मोज्याच्या दोन बोटांची रिकामी राहणारी टोकं मी आत दुमडून घट्ट शिवून टाकली. तरी घालताना दोनदा काढून ठेवले, पण चिकटून बसले तेव्हा जरा धीर आला.

नसरीननं घेतले मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकीची चारही बोटं एकाच पिशवीत. तेही ढगळे. मी म्हटलं, तवा उतरवायला चाललीस का? ती नुसती हसली.

दिल्लीपर्यंत रेल्वेनं गेलो, जवळजवळ एक अख्खा दिवस. नसरीन झोपली. मी डब्यात इकडून तिकडे फिरत राहिले, इतकी की एका काकांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं. दिल्लीहून श्रीनगरचं विमान आधी काढलं तर परवडतं, आम्हाला साडेचार हजारांत मिळालं. एक गोष्ट लक्षात ठेवा, तिकडे आपलं प्रीपेड सिम चालत नाही. आम्हाला हे उतरल्यावर कळलं. आईचा फोन येणार नाही म्हणून आधी बरं वाटलं आणि तासाभरातच चैन पडेना.

गुलमर्गमध्ये खोल्या महाग, म्हणून खाली टंगमर्गला राहिलो. तिथून वर जायला चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या मिळतात. घरमालकीणबाईंनी संध्याकाळी निखाऱ्यांची कांगडी आणून दिली, वेताच्या टोपलीत मातीचं भांडं. ती मांडीवर घेऊन मी हात शेकले आणि गुलाबी खारट चहा प्यायले. खारट चहा पहिल्या घोटाला आवडत नाही, तिसऱ्याला आवडतो.

सकाळी फळी आणि बूट भाड्यानं घेतले, दिवसाचे बाराशे. शिकवणारे बशीरभाई आम्हाला नवशिक्यांच्या छोट्या उतारावर घेऊन गेले. पांढरंशुभ्र, डोळे दिपत होते. पहिली दहा-पंधरा मिनिटं मी खूश होते. मग उजव्या हाताला मुंग्या आल्या. मग ठणका सुरू झाला, आणि मग काहीच जाणवेना, ते जास्त वाईट होतं. मोजा ओढून काढला तर अर्धी बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. मी ती तोंडाजवळ धरून फुंकर घालत बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते नुसतं थंडीचं नव्हतं. मला मामाचं दुकान दिसत होतं, गल्ला दिसत होता. बशीरभाईंना म्हटलं, मी चहा पिऊन येते. परत यायचं माझ्या मनात नव्हतं.

नसरीन फळी काढून मागे आली. माझा हात तिनं स्वतःच्या जॅकेटच्या आत कुशीला दाबून धरला आणि चहावाल्याजवळ तशीच उभी राहिली. बोटांत जीव परत यायला लागला तेव्हा असं दुखलं की मी ओरडले.

"मोजा बघू तुझा," ती म्हणाली. हातात घेऊन तिनं तो दाबून बघितला. "याच्यात रक्त तरी फिरतंय का? कसा कसून शिवलाय! हे घे माझे."

"नको. ते सैल आहेत."

"तर?"

"तर काय? तुला माहीत नाही का?" मी तिच्यावर खेकसले. चहावाला बघायला लागला. "तूच तर बटण दाबलंस ना? तुला माहीत नाही सैल मोजा काय करतो?"

नसरीन हळू आवाजात म्हणाली, "माहीत हाय. रोज आठवतं मला. पण सुजे, इथं कोनती मशीन हाय? बरफ हाय नुसता. बरफ काय ओढून घेत नाय."

तिनं माझा हात धरला आणि मिटनमध्ये घातला. आत तिच्या हाताची ऊब होती. मी वाट बघत होते, आता ओढलं जाईल, आता. काही ओढलं गेलं नाही. आत चारी बोटं एकमेकांना भेटली. दोन धडधाकट बोटं त्या दोन अर्ध्या बोटांना बिलगून बसली आणि मधे हवा राहिली. मी मूठ मिटून बघितली. शिवलेल्या मोज्यात मूठ मिटतच नव्हती, इथे मिटली. थोड्या वेळानं हात चक्क गरम झाला. मी नसरीनला बघवेना इतकं वेडंवाकडं रडले आणि मग दोघी हसलो. दोन बोटांची शिवण उसवली तसे माझे घट्ट मोजे तिच्या हातात बरोबर बसले. तिचे हात लहान आहेत आणि तिची सगळी बोटं शाबूत आहेत, हे तिनंच म्हटलं.

बशीरभाई म्हणाले, "गिरो तो मुट्ठी बंद करके गिरो," म्हणजे मनगट वाचतं. मी दिवसभर मुठी मिटून पडले. पट्ट्यांची भीती फुकट होती. मिटनच्या तळव्यानं दाबले की ते बसतात, थोडा वेळ लागतो इतकंच. दुपारी एकदा अशी वेळ आली की मी पडलेच नाही. उतार संपेपर्यंत फळी सरकत राहिली, वारा कानात शिरला, आणि मी मोठ्यानं नसरीनचं नाव घेतलं. ती बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेव्हा बघत होती.

तिसऱ्या दिवशी बाजारातून स्वतःचे मिटन घेतले. तुम्ही घेणार असाल तर एवढं बघा. तळव्यावर चामड्याचा दुसरा थर हवा, कारण स्नोबोर्डवाला सतत हात टेकून उठतो आणि शिवण तिथंच आधी उसवते. मनगटावर लांब बाही हवी. आतलं अस्तर बाहेर निघणारं हवं, म्हणजे वाळवता येतं. मनगटाला दोरी हवी, नाहीतर उतारावर वर नेणाऱ्या तारेच्या पाळण्यातून एक मोजा खाली पडतो आणि दुसरा निरुपयोगी होतो. आणि आत बोटं हलली पाहिजेत, लाजू नका, दुकानात हलवून बघा.

घरी आले तेव्हा आईनं आधी माझा हात धरला आणि उलटसुलट करून बघितला. बोटं होती तशीच होती. "मग पाचोड?" तिनं विचारलं. "नाही," मी म्हटलं. तिनं हात लगेच सोडला नाही, मग ताट घेतलं. पोळी वाढली.

इथे परत आल्यावर मला वाटलं होतं, आता जरा शांत होईन. तसं काही झालेलं नाही. टेबलावर बसले की पाय हलतच असतात, आणि उतारावरचा तो वारा आठवला की आणखी हलतात. पण थंडीत गाडीवर हात ठणकतो म्हणून सकाळची पाळी सोडायचे, ती आता सोडणार नाही. बर्फाचे जाड मिटन घालून स्कूटर चालवता येत नाही, म्हणून वाळूजच्या रस्त्यावर सीटकव्हर शिवणाऱ्याकडे गेले. त्याला सांगितलं, अंगठा वेगळा, बाकी एकच पिशवी, ब्रेक धरता आला पाहिजे. तो म्हणाला, "हात ठेवा इथं, ताई."

त्याच्या टेबलावर, रेक्झिनच्या काळ्या तुकड्यावर मी उजवा हात पसरून ठेवला. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. तो खडूनं हाताभोवती रेघ ओढत गेला आणि अर्ध्या बोटांपाशी थांबला.

"इथनं कापू का?"

"नाही," मी म्हटलं. "तिथं जागा सोडा. सैलच ठेवा."

त्यानं मान हलवली आणि रेघ पुढे नेली.