बाकावरची वायपर मोटर

मंडळी, माझा धंदाच करंटचा. नाशिकला पंचवटीत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. "भूत दाखवा, टेस्टर लावतो... दिवा लागला तर मानतो," असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण खरी लाज वाटण्यासारखं मी त्याआधीच केलं होतं, ते आधी सांगतो.

अण्णा म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा कांद्याचा पिकअप आहे. आमचं कधीच पटलं नाही. एकदा मी त्यांची वायर अशी जोडली की हॉर्न दाबला की वायपर हलायचा. ते अण्णा विसरले नाहीत, आणि कुणाला विसरूही देत नाहीत.

त्या सकाळी ते भरलेली गाडी घेऊन लासलगावच्या लिलावाला निघाले होते. वायपर बंद केला की पाती काचेच्या मधेच अडकायची, म्हणून आले. काम साधं. स्विच बंद केला तरी मोटरच्या आतल्या एका पट्टीतून करंट मिळत राहतो. पाती खाली आडवी झाली की तो तुटतो आणि मोटर थांबते. याला आम्ही पार्किंग म्हणतो. तीच पट्टी जळून गेली होती. मी मोटर काढून बाकावर ठेवली. काचेवर पाणी उडवणारी मोटर वेगळी, बाटलीखाली असते. तिला हातही लावला नाही. बाटली कोरडीठाक, आत कोळ्याचं जाळं.

"अर्धा तास लागेल, अण्णा."

"अर्धा तास? लिलाव काय तुझ्यासाठी थांबणार हाय?" चार गिऱ्हाइकांसमोर अण्णा कडाडले. "लय मोठा मिस्त्री! माझ्या मेहुणीचं नशीबच फुटकं, म्हणून हे ध्यान पदरात पडलं!"

माझं डोकं सटकलं. बोनेट धाडकन लावलं.

"झालं. न्या."

मोटर बाकावरच. म्हटलं, आभाळ कोरडं आहे, वायपर लागतोय कशाला? आणि लागलाच तर बसू देत बोंबलत...

अर्ध्या तासाने राग उतरला, तसं आपण काय करून बसलो ते कळलं. फोन लावला — उचलेनात. पुन्हा लावला. एका हातात फोन, दुसऱ्यात चहाचा ग्लास. आणि बाकावर घर्र... घर्र...

मोटर फिरत होती. वायर नाही, बॅटरी नाही, मोकळी पडलेली मोटर!

आता माझ्यासारखा अनुभवी मिस्त्री अशा वेळी काय करतो? मी सगळा चहा तिच्यावर फेकला. तिचे तीन फेरे झाले आणि ती थांबली — बरोब्बर पार्किंगच्या जागी. जळक्या पट्टीवर ती तिथे थांबूच शकत नाही.

दुपारी अण्णा परत आले. काचेवर चिखल, आणि त्यात पात्यांनी पुसलेले पंख्याच्या आकाराचे दोन स्वच्छ भाग.

"परत उलटंसुलटं वायरिंग केलंस ना?" उतरतानाच त्यांनी सुरू केलं. "ओझरच्या पुढं टँकरनं डबक्यातला चिखल काचेवर उडवला. काय बी दिसंना. वायपरचा दांडा दाबतोय, दाबतोय — ढिम्म! मग आपोआप सुरू. काचेवर तांबडं पाणी उडालं, तीन हात मारले नि बंद. बघतो तर समोर ट्रॉली उभी, चार फुटांवर! ब्रेक लागला म्हणून वाचलो." मग काचेच्या कडेला बोट फिरवून त्यांनी नाकाशी नेलं. "आन् बाटलीत काय भरलंस रे? आल्याचा वास येतोय."

त्यांनीच बोनेट उघडलं. मोटरच्या जागी बोल्टांची रिकामी भोकं. ती त्यांनी बघितली, मग बाक, मग चहाने चिकट झालेली मोटर.

मला वाटलं, आता विचारतील, मग वायपर चालला कसा? ते विचारलंच नाही त्यांनी.

"म्हंजे, तू मला असाच सोडला?" इतकंच म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात.

तेव्हापासून त्या घराचं आमच्याकडे येणं-जाणं बंद आहे. बायकोला कारण मी अजून सांगितलेलं नाही; ती अण्णांनाच शिव्या घालते आणि मी ऐकून घेतो.

मोटर मी कितीदा तरी उघडून बघितली. पट्टी जळालेलीच आहे. बॅटरी लावली तरी ती आता फिरत नाही. ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. फक्त काढलेली वस्तू परत बसवल्याशिवाय मी कुणाचं बोनेट लावत नाही. आणि चहा दुकानाबाहेर जाऊन पितो.