मंगळ शिकवायचा राहिला आहे

कुंदा सोमकुवर गेल्या.

'देवाज्ञा झाली', 'तारा निखळला' असे काही कृपया खाली लिहू नये. त्या विज्ञानाच्या शिक्षिका होत्या. तारा कधी निखळत नाही. निखळताना दिसतो तो दगड असतो, आणि हवेत शिरल्यामुळे तो पेटतो. हे मला त्यांनीच सांगितले होते.

'गेल्या' हे क्रियापद पुरेसे आहे.

काल सौंसरला बुद्धवंदना झाली, अंत्यसंस्कार झाले. आज पांढुर्ण्याला परतलो आणि हे लिहायला बसलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी मराठीचा निवृत्त शिक्षक. मॅडम दर रविवारी सकाळच्या बसने सौंसरहून येत आणि माझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत आम्ही दोघे मुलांचा वर्ग घेत असू. विज्ञान त्यांचे, भाषा माझी.

आमची गावे हिंदी राज्यात आहेत. वर्ग कशासाठी, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते.

"गुरुजी, आपली पोरं घरी मराठी बोलतात अन् शाळेत हिंदीत शिकतात. त्यायले वाटते, आभाळ हिंदीतच हाये."

यंदाचा विषय होता, खडकाचे ग्रह.

'खडकाळ ग्रह' असे त्यांनी फळ्यावर लिहिले होते. एक मुलगी लगेच म्हणाली, "मॅडम, खडकाळ तर आमचं वावर हाये. ते बी ग्रह हाये का?"

मॅडम म्हणाल्या, "ग्रहाचाच तुकडा हाये तो. बापाले सांग, भाव वाढवून माग."

वर्ग हसला. मी उठून 'खडकाळ' खोडले आणि 'खडकाचे' केले. ज्यावर खडक फार आहेत तो खडकाळ. जो खडकाचाच बनला आहे तो खडकाचा. फरक आहे.

बुध शिकवायला त्यांनी पिशवीतून एक वाळलेले, आकसलेले संत्रे काढले.

"हा संत्रा पाहा. आतून आकसला, म्हणून सालीवर सुरकुत्या पडल्या. बुध बी असाच थंड होत होत आकसला. अन् अंगावर हवेचं पांघरूण नाहीच्या बरोबर. म्हणून दिवसा भट्टी, रात्री बर्फापेक्षाही गार."

मी म्हणालो, "मॅडम, 'हे संत्रे'. नपुंसकलिंग."

"ज्याच्या बगीच्यात लागते त्याले इचारा, गुरुजी. तो 'संत्रा'च म्हणते."

मुलांनी कोणाची बाजू घेतली, हे सांगण्याची गरज नाही.

मग शुक्र आला.

शुक्राची हवा इतकी दाट की जमिनीवर उभे राहिले तर माणूस चिरडून जाईल. उष्णता इतकी की शिसे वितळेल. वर ढग, आणि ते पाण्याचे नव्हेत, आम्लाचे.

त्यांनी फळ्यावर लिहिले, 'शुक्रावर आम्लाचा पाऊस पडून राहिला आहे.'

मी थांबवले. "'पडून राहिला' म्हणजे खाली पडला आणि तिथेच राहिला. सामान पडून राहते, पाऊस नाही. 'पडतो' लिहा."

"'पडतो' लिहिलं तर पोरं इचारतील, मंग जमीन ओली काहून नाही?"

"जमीन ओली नसते?"

"थेंब पोचतच नाही ना जमिनीवर! खाली इतकी आग, अर्ध्या रस्त्यातच वाफ. आता तुमी सांगा, काम चालू हाये पण कधीच पूर्ण होत नाही, असा काळ हाये का तुमच्या व्याकरणात?"

"आहे. अपूर्ण वर्तमानकाळ."

"मंग आमचं 'पडून राहिला' तेच तर हाये!"

ज्या ग्रहावर 'पाऊस पडला' असे वाक्य कोणालाही, कधीही म्हणता येणार नाही, त्या ग्रहासाठी माझ्याकडे याहून चांगले क्रियापद नव्हते.

"मंजूर," मी म्हणालो. "पण फक्त शुक्रापुरते."

"पांढुर्ण्यात नाही चालत?"

"पांढुर्ण्यात नाही."

त्या इतक्या हसल्या की खुर्ची धरून बसल्या. दम लागला होता. आम्हाला वाटले, हसण्याने लागला.

त्यानंतर नागपूरचे हॉस्पिटल. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. तब्येतीबद्दल एक शब्द नाही.

"गुरुजी, मंगळ राहिला."

"तुम्ही बऱ्या व्हा आणि घ्या."

"तुमी घ्या ना."

"मला विज्ञान येत नाही, मॅडम."

"मले तरी कुठं व्याकरण येत होतं? भांडलीच ना तुमच्याशी, पोरायच्या समोर."

काल स्मशानातून बाहेर पडताना त्यांचा मुलगा राहुल म्हणाला, "सर, रविवारचा वर्ग आता बंदच समजायचा ना? पालकांना ग्रुपवर कळवून टाकतो."

मी म्हणालो, "थांब."

आज सकाळी एका पालकाचा फोन आला. "गुरुजी, मॅडमच नाहीत तर आता तुमी काय शिकवून राहिले? मंगळावरचे समास?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर सर्वांसमोर देतो.

मंगळाची माती लाल आहे, कारण तिच्यातले लोखंड गंजलेले आहे. तेथे हवा आहे, पण इतकी विरळ की पाणी उघड्यावर टिकत नाही. तरीही त्या विरळ हवेत धुळीची वादळे उठतात आणि कधी कधी सगळा ग्रह झाकून टाकतात. मावळताना सूर्याभोवतीचे आकाश तेथे निळसर दिसते.

एवढे मला आज येते. दुपारभर वाचून आले. उरलेले रविवारपर्यंत येईल.

जेथे मुलांनी विचारलेले येणार नाही, तेथे 'मला माहीत नाही' असे स्वच्छ सांगेन, आणि पुढच्या रविवारी शोधून आणेन. या वयात हे वाक्य मुलांसमोर म्हणणे सोपे नाही. पण म्हणेन.

राहुल, ग्रुपवर असे कळव: रविवारी वर्ग भरेल. विषय मंगळ. शिकवणार मी.

ज्यांना मुले पाठवायची आहेत त्यांनी पाठवावीत. ज्यांना पाठवायची नाहीत त्यांनी कारण सांगण्यासाठी फोन करू नये. एकच मूल आले तरी मी फळ्याशी उभा असेन.

मॅडम, निरोप घेतो.

जय भीम.