चुलीवर वाळवलेल्या बॅटऱ्या

सहदेव उतेकर हा आमच्या भागातला उत्तम सुतार. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायचं की माणूसच वाईट. तसा तो नाही.

आंबेनळीच्या रस्त्याखाली त्याची वाडी. उमेदीची वर्षं मुंबईत फर्निचरच्या कामात गेली, मग आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आला तो कायमचा. येताना बॅटरीवर चालणारं ड्रिल आणि कटर घेऊन आला. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. बाकीचे सुतार वाट बघत बसायचे, सहदेव दारं बसवून मोकळा. जिथे लाइट असेल तिथे बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. पोलादपुरात माझ्या ओटीवरही लावायचा.

त्याची शिस्त बघण्यासारखी होती. कामात तापलेली बॅटरी गार झाल्याशिवाय चार्जरला लावणार नाही. भरली की लगेच काढणार. खिळे-स्क्रूच्या डब्यात कधी टाकणार नाही. टोकांना लोखंड लागलं तर पेट घेते, म्हणायचा. उन्हात नको, आगीजवळ तर नकोच. भिजली किंवा फुगली तर पुन्हा वापरायची नाही, घरातही घ्यायची नाही, बाहेर मोकळ्यावर ठेवायची आणि महाडच्या दुकानात परत द्यायची. त्या दुकानदाराने सांगितलेलं सगळं त्याला पाठ होतं आणि ज्याच्या घरी जाईल त्याला तो ऐकवायचा. मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी म्हटलं, "सहदेव, आता परीक्षाच घे माझी."

यातलं अक्षरही त्याने रखमाला, स्वतःच्या बायकोला, सांगितलं नव्हतं. तिला काय करायचंय मशीनशी? असले नवरे मला नवीन नाहीत, पण राग यायचा तो येतोच.

आता वाडीवरचं घर म्हणजे चुलीवर बांबूचा माळा आलाच. पावसात ओल लागू नये म्हणून सगळं तिथे चढतं. भोपळ्या-काकडीचं बी, सुकी मासळी, सरपण, भिजलेले सदरे. धूर आणि ऊब लागली की वस्तू टिकते. रखमाची सासू तेच करायची, रखमाही तेच करत आली.

गेल्या वर्षी श्रावणात घरी येताना ओढ्यात सहदेवचा पाय घसरला आणि हत्यारांची पिशवी पाण्यात गेली. त्याने ती निथळती पिशवी दारात टाकली आणि अंगात कणकण होती म्हणून घोंगडी ओढून झोपला. नवऱ्याला उठवायला नको म्हणून रखमाने एकेक बॅटरी पदराने पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर, बरोबर चुलीच्या वर, ठेवून दिली. तिच्या लेखी सगळ्यात जपायची वस्तू सगळ्यात चांगल्या जागी ठेवली होती.

संध्याकाळी भाकऱ्या चालल्या असताना वर आधी फुसफुसलं, मग फटाका फुटावा तसा आवाज झाला. रखमाने काठीने पेटलेलं गोणपाट खाली ओढलं ते तिच्याच हातावर आलं. शेजारी धावले म्हणून निम्मं छप्पर तरी वाचलं. बी गेलं, मासळी गेली, रखमाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

आणि जमलेल्या वाडीसमोर सहदेव ओरडला, "तुला कुनी सांगितलं व्हतं गो हात लावायला?"

रखमा म्हणाली, "कुनीच काय नाय सांगितलं. तुम्ही पन नाय."

त्यांचा मुलगा किशोर महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तो आईला दवाखान्यात घेऊन गेला आणि तिथून आपल्या खोलीवर. ती परत येईना. थोड्या दिवसांनी सहदेव माझ्याकडे आला, बाई, तुम्ही समजूत काढा म्हणाला. मी साफ सांगितलं, बरोबर येईन, पण बोलायचं तू.

किशोरच्या खोलीत रखमा हाताला पट्टी बांधून बसली होती. सून सारिका तिला भरवत होती. सहदेवने पहिल्यांदाच तिला सगळं सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगायचा तसंच. ती नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एवढंच व्हतं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माझं चुकलं गो. चल घरी."

"हात बरा होईल. पन त्या घरात कशाला हात लावायचा नि कशाला नाय, मला आता समजत नाय."

मी तिथे काय समजूत काढणार? परतताना एसटीत सहदेव खिडकीबाहेर बघत होता.

गणपतीला मात्र ती आली, किशोर-सारिकासोबत. मी दर्शनाला गेले होते. छप्पर नवं होतं. बॅटऱ्यांसाठी सहदेवने पडवीत, चुलीपासून लांब, लाकडी कप्पा केला होता आणि तो तिला उघडून दाखवत होता. तिने हात मागे घेऊनच बघितलं. मग चहा करायला उठली आणि चुलीपाशी जाऊन, ज्या घरात इतकी वर्षं नांदली त्याच घरात, त्याला विचारू लागली. साखर घेऊ का? हे पातेलं घेऊ का?

सहदेव म्हणाला, "अगो, तुझंच हाय ना सगळं."

ती "हो" म्हणाली. आणि दुधाला हात लावायच्या आधी पुन्हा विचारलं.

विसर्जनानंतर ती किशोरबरोबर महाडला गेली. अजून तिथेच आहे.